मोजणीत न धरलेलं फाटक

"टेपचं टोक नीट धर ना दादा, लोंबतंय."

"धरलंय. दरवर्षी धरतो. फाटक काय थंडीने आखडतं का?"

ती हसली नाही. मैदानाच्या पूर्वेकडच्या स्टँडमागचं ते लोखंडी फाटक चांगलं ऐसपैस होतं. पण दोन्ही दारांना मधोमध साखळी होती आणि साखळीला कुलूप.

कोणत्या स्टँडमध्ये किती माणसं सोडायची, तो आकडा शहराच्या सुरक्षा विभागातून तिच्या सहीने निघायचा. मैदानावरचे लोक तिला मोजणीबाई म्हणत. किती मावतात, याला तिच्या लेखी फारशी किंमत नव्हती. मावायला काय, माणूस कुठेही मावतो. आठ मिनिटांत किती जण सुखरूप बाहेर पडतील, हा तिचा खरा आकडा. वडील गेल्यावर दादाने याच मैदानावर फाटकावरची नोकरी धरली, आणि त्याच पगारावर ती इंजिनिअर झाली.

"ही साखळी सामना चालू असताना कशाला?" तिने विचारलं.

"उघडं ठेवलं की फुकटे घुसतात. सामना संपत आला की मी काढतो. कधी चुकलोय?"

"मधेच काही झालं तर?"

"मी इथेच असतो ना, या स्टुलावर. इतकी वर्षं झाली, एक सामना डोळ्यांनी पाहिला नाही. गोल कुणी केला ते ओरडण्यावरून ओळखतो." तो हसला. "मागच्या खेपेला दिवे गेले, तेव्हा उघडलंच की वेळेत."

मागच्या खेपेला तीही तिथे होती. अंधार होताच लोक पायऱ्यांवरून मागे धावले. सगळ्यांत पुढे एक बाई फाटकाच्या गजांवर दाबली गेली. तिचं तोंड उघडं होतं आणि आवाज निघत नव्हता. दादाने कुलूप काढलं, बाई वाचली. दादाच्या लक्षात राहिलं ते वेळेत उघडलेलं कुलूप. हिच्या डोळ्यांपुढून ते उघडं तोंड हलेना.

"दादा, हे फाटक मला मोजणीत धरता येणार नाही."

"फाटक नको धरूस. मला धर."

"माणूस कसा धरणार रे हिशेबात?"

त्याने टेपचं टोक सोडून दिलं. पातं सरसरत तिच्या हाताशी येऊन थडकलं. "सरळ म्हण ना, भरवसा नाही."

कुलूपबंद फाटक म्हणजे तिच्या हिशेबी भिंतच, आणि ते वगळलं की स्टँडचा आकडा निम्म्यावर येत होता, आणि अंतिम सामना तोंडावर आलेला. क्लबच्या सेक्रेटरींनी आधी सरबत मागवलं, मग आवाज चढवला. "बाई, आजवर कुणाला खरचटलं तरी का?"

"साखळी काढा, चार माणसं उभी करा. मी आकडा परत वाढवते."

"चार माणसं आणू कुठून? तुमचे बंधू एकटे चौघांना भारी आहेत."

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "वन्सं, काय झालंय तुम्हा दोघांचं? हे ताटावरून उठले. म्हणतात, बहिणीने मला भिंतीत जमा केलं."

"तसं नाही गं वहिनी."

"मला नका सांगू. त्यांना सांगा."

सही करण्याआधी क्षणभर डोळे मिटायचे, असा तिचा नेम होता. हे सारे जीव देवाची ठेव, आपण नुसते राखणदार. त्या दिवशी डोळे मिटले तर दादाच दिसला. तिने सही केली.

अंतिम सामना भर दुपारी होता. तिच्या सांगण्यावरून स्टँडचा मागचा भाग दोर बांधून रिकामा ठेवला होता. बाहेर राहिलेल्यांनी तिच्या नावाने बोटं मोडली. फाटक बंदच राहणार होतं, तरी दादा गणवेश चढवून मागे आपल्या जागी गेला. जाताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

सामना संपला. लोक पुढच्या दारांनी कुरकुरत, रेंगाळत, पोरं खांद्यावर घेऊन बाहेर पडले. कुणाला कुणाचा धक्का लागला नाही.

"बघा, झालं का काही?" सेक्रेटरी म्हणाले. "उगाच अर्धा स्टँड वाया घालवलात."

ती दोराखालून वाकून मागे गेली. दादा भिंतीला टेकून, मान खाली घालून स्टुलावर बसला होता. रुसलाय अजून, तिला वाटलं.

"दादा, झालं सगळं नीट. चल, घरी सोडते तुला."

तिने त्याचा हात धरला. हात गार होता. मुठीत किल्ली होती.

मैदानावरचे डॉक्टर धावत आले. तपासून त्यांनी मान हलवली. "हृदय बंद पडलंय. बराच वेळ झाला असावा. इकडे कुणीच फिरकलं नाही?"

ती दोराकडे बघत राहिली. "आज इकडे कुणी येणारच नव्हतं," ती म्हणाली.

अँब्युलन्स मागच्या रस्त्यावर उभी होती, म्हणून फाटक उघडणं भाग होतं. तिने किल्ली घातली. फिरेना. पहारेकऱ्याने जोर लावून पाहिला, मग सेक्रेटरींनी. साखळीचा भार उचलून धरायचा, कुलूप जरा आत दाबायचं आणि मग फिरवायचं. हे दादाच्या हातालाच ठाऊक होतं. स्ट्रेचर उचललेले दोघे हात अवघडून उभे होते. शेवटी कुलूप सुटलं तेव्हा सेक्रेटरींनी नजर खाली वळवली. त्यांना ते काढायला किती वेळ लागला, हे तिने मनातसुद्धा मोजलं नाही.

तिने एक दार भिंतीपर्यंत मागे नेलं, परत येऊन दुसरंही नेलं, आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. स्ट्रेचर मधोमध बाहेर गेलं. दोन्ही बाजूंना पुष्कळ जागा उरली होती.