चिमणीचा फोन

कापड कुणाचंही असो, शिंपीणबाईंची कात्री आपसूक लेकीच्या मापाकडे वळायची. लेक जाऊन आठ महिने झाले होते. दोन गिऱ्हाइकांचे कपडे तंग झाले, पण दोघी मुकाट्यानं घेऊन गेल्या.

लेक नशेच्या पुडीनं गेली. ती पुडी आणली होती तिच्याच खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीनं. अंगानं काटकुळी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. दोघींनी वाटून घेतली आणि चिमणी तेवढी वाचली. कायदा म्हणत होता, पुडी विकलेली असो की मैत्रीत दिलेली, देणारा मरणाला जबाबदार. चिमणीनं गुन्हा कबूल केला होता. आता शिक्षा ठरायची होती आणि त्याआधी न्यायाधीश आईचं म्हणणं ऐकणार होते. बाईंनी मन मोकळं केलं तर दहा वर्षं कुठं जात नाहीत, असं सरकारी वकिलांनी सांगितलं होतं. बाईंनाही तेच हवं होतं. काय बोलायचं ते त्यांनी मशीन चालवता चालवता पाठ केलं होतं.

कोर्टात आधी चिमणीनं मदतीसाठी केलेल्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. पलीकडचा माणूस सांगेल तशी ती लेकीची छाती दाबत होती, मोठ्यानं आकडे म्हणत होती, चुकली की पुन्हा एकपासून. काय घेतलं होतं, असं त्यानं विचारलं. तिनं आढेवेढे न घेता सांगितलं, "मीच आणून दिलं. लवकर या." चौदा मिनिटं ती मोजत होती.

बाई उठल्या. पाठ केलेलं एक अक्षरही आठवेना.

"मी हिला माफ केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण हिला पळून जाता आलं असतं. ही थांबली. माझी पोर एकटी गेली नाही."

पुडी दिली होती हे खरंच, तेव्हा शिक्षा टळणार नव्हती. न्यायाधीशांनी तीन वर्षं दिली, व्यसनावरच्या उपचारासकट. चिमणीला माल देणारा मात्र पोलिसांना अजून सापडला नव्हता.

दोन महिन्यांनी बाई तुरुंगात भेटायला गेल्या. चिमणी समोर बसली, पण मान वर करेना. मग बाईंनी विचारलं, लेक त्या दिवशी शेवटचं काय बोलली.

"तुमच्याबद्दलच, काकू. म्हणाली, रविवारी आईकडे जाऊ. ती रागावेल, मग जेवायला वाढेल."

बाईंना हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. "रागावले असतेच," त्या म्हणाल्या.

चिमणीचा सदरा खांद्यावरून ओघळत होता. बाईंनी टेबलावरून हात पुढे केला आणि तो नीट सारखा केला.