आमच्यात सगळ्यांनाच

लेकीच्या प्लेटलेट कमी म्हणून वर्षानुवर्षं औषधं झाली. गोळ्यांनी पोरीचा चेहरा सुजून भोपळा झाला, पण आकडा ढिम्म हलेना. आई मेटाकुटीला आली होती.

"हे आनुवंशिकही असतं. घरात आणखी कुणाला रक्ताचा आजार?" नव्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

"छे, आमच्याकडे सगळे ठणठणीत." पोरीच्या बापाने प्रत्येक डॉक्टरला दिलेलं उत्तर पुन्हा दिलं.

"मग तुमच्या दंडावरचे हे काळेनिळे डाग?"

"हे होय? आमच्यात सगळ्यांनाच उठतात, पार आजोबांपासून. नाकाचा घोळणाही फुटतो ऊठसूट."

बाईंचं पेन थांबलं. आईने कपाळाला हात लावला.

"अहो, एवढी वर्षं हे सांगायला तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

"अगं, पण ते आजार विचारत होते ना," तो म्हणाला.