साठ पुरे

"एवढं घर मोजायला काय झालंय? जुनी भट्टी जेवढी होती तेवढीच आण," हेल्मी स्वयंपाकघरातून ओरडली. "टोइव्हो कधी पट्टी घेऊन फिरला नाही कुणाच्या घरात!"

रूडी प्रेबिच खिडकीची रुंदी मोजत होता. घरं तापवणाऱ्या भट्ट्या बसवायचं काम तो टोइव्होच्या हाताखाली वीस वर्षं शिकला होता. "काकू, जुनी एक लाख वीस हजार बीटीयू उष्णतेची होती. तेवढ्या उष्णतेत शाळा उबेल. तुमचं घर लहानसं आहे, खिडक्या नव्या, माळ्यावर थंडी अडवणारा हातभर कापूस. साठ हजारांची, म्हणजे साठची पुरे."

"साठ! म्हणजे माझ्या नवऱ्याला अक्कल नव्हती?"

रूडीने हेल्मीच्या मुलीकडे, एलाकडे पाहिलं. एलाने मान खाली घालून त्याच्यासमोर कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव, पुल्ला, ठेवला.

वडील मार्चमध्ये गेले. दफन झालं, वाटेवरचं बर्फ वितळलं, आणि बावन्न वर्षांची एला आईकडे राहायला आली. चार दिवसांसाठी म्हणून आणलेली बॅग अजून पलंगाखाली होती. कारण तळघरातली भट्टी. गॅसची ही भट्टी घराच्या मानाने फार मोठी. धडाडून पेटायची, चार मिनिटांत घर तापवायची, विझायची, गार झालं की पुन्हा पेटायची. मधेच स्वतःच इतकी तापायची की पार बंद पडायची. मग ती पुन्हा सुरू करायला तेरा पायऱ्या उतरून लाल बटण दाबायचं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईला त्या पायऱ्या झेपणाऱ्या नव्हत्या, आणि इथे ऑक्टोबरातच पाणी गोठतं.

आता भट्टीचा पत्राच तडकला होता. रूडीने सकाळी गॅस तोडला आणि 'वापरू नये' अशी लाल चिठ्ठी लावली.

एलाच्या स्वेटरच्या खिशात दूरच्या दलूथ शहरातल्या शाळेचं पत्र होतं. ग्रंथालयात नोकरी, जानेवारीपासून. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. साठची, न अडणारी भट्टी बसली तर आई एकटी राहू शकेल, हे एलाला कळत होतं. आईलाही कळत होतं.

"एला, जरा खाली ये," रूडीचा आवाज आला.

त्याने भट्टीचा मागचा पत्रा काढला होता. आतल्या बाजूला पेन्सिलीने आकडेमोड होती. खोल्या, खिडक्या, भिंती, उणे तीसची थंडी, सगळं धरलेलं. सातचा आकडा असा आडवी रेघ देऊन फक्त वडीलच काढायचे. खाली लिहिलं होतं: 'साठ पुरे. हेल्मीला एकशेवीस हवी. नोव्हेंबर १९९४.'

"आणि आख्खा गाव त्याला हसायचा," रूडी हळूच म्हणाला. "टोइव्होच्या स्वतःच्या घरात भट्टी टिकत नाही म्हणून. मीसुद्धा हसलोय. एक शब्द बोलला नाही कधी."

एला वर आली. आई टेबलावरचे पुल्लाचे कण बोटाने गोळा करत होती.

"आई, मोठी भट्टी तू मागितलीस?"

आईने कण बशीत टाकले. "त्या वर्षी त्याने तळ्यावर झोपडी घेतली होती. बर्फात भोक पाडून मासे धरायला. चार-चार दिवस यायचा नाही. मी इथे एकटी. तो म्हणाला, मोठी घेतलीस तर सारखी बंद पडेल. मी म्हटलं, बरंच होईल, तुला घरी राहावं लागेल." ती थांबली. "हसत म्हटलं होतं गं."

"आणि बाबा?"

"तोही हसला. आणि बसवली."

झोपडी पुढच्याच हिवाळ्यात विकली गेली होती. एलाला ते आठवत होतं. बाबांना थंडी सोसत नाही, असं तेव्हा घरात सांगितलं गेलं होतं.

ती जिन्याच्या तोंडाशी गेली. "रूडीदादा, साठचीच बसवा."

आईने कप विसळला. आधीच विसळलेला होता.

गुरुवारी दुपारी नवी भट्टी लागली. लहान, पांढरी, कपाटाएवढी. ना धडाडणं, ना विझणं. जमिनीतल्या जाळीतून मंद ऊब येत राहिली. रूडी निघून गेला.

आई खुर्चीत ताठ बसली होती. "बंद पडली वाटतं."

"चालू आहे, आई."

"मला ऐकू येत नाही."

एलाने तिचा हात धरून जाळीवर नेला. आईने तो तिथे थोडा वेळ ठेवला, मग काढून घेतला. "तरी बघून ये. तो बघून यायचा."

एला तेरा पायऱ्या उतरली. काचेच्या छोट्या भोकातून निळी ज्योत दिसत होती. लाल बटण कुठेच नव्हतं. जुनी भट्टी होती तिच्यापुढची सिमेंटची जमीन दोन पावलांएवढी गुळगुळीत झिजली होती, आणि तिथेच वडिलांची बसायची बादली पालथी पडली होती. ती बादलीवर बसली. पाय आपोआप त्या झिजेत आले. स्वेटरच्या खिशात पत्र पोटाला टोचलं. उद्या शुक्रवार.

"एला! लागलीय का गं?"

"लागलीय, आई."

"मग ये वर."

"आले," ती म्हणाली, आणि ज्योतीकडे बघत बसून राहिली.

थोड्या वेळाने वरून पुन्हा आवाज आला, "एला, लागलीय का?"