स्वच्छ कॅसेटी

खरखऱ्या हे नाव आम्हीच ठेवलेलं. रोज दुपारी चारला तो रेडिओवर रॉकची गाणी लावायचा. आवाज असा, की घशात मूठभर वाळू अडकली असावी. शेवटचा तास बुडवून आम्ही घर गाठायचो ते त्याच्यासाठी. कुठल्या गिटारवाल्याचं कुणाशी फाटलं, कुठला ड्रमर रेकॉर्डिंगच्या दिवशी तापाने फणफणला होता, सगळं घरातल्या माणसासारखं सांगायचा. आमचा जीव होता त्याच्यावर, खोटं कशाला बोलू?

खोड एकच. गाणं सुरू झालं तरी ह्याचं तोंड बंद नाही. गिटार वाजतेय आणि हा वरून बोलतोय. मी टेपरेकॉर्डर लावून बसलेला, अस्सल शिव्या घालायचो. शेवटी पॉजच्या बटणावर बोट ठेवून बसायला शिकलो. त्याने श्वास घेतला की बटण खाली, बोलणं संपलं की वर. एकशे बारा कॅसेटी भरल्या, त्यात त्याचा एक शब्द नाही. वर्गातली पोरं माझ्याच कॅसेटी मागायची. "ह्याच्याकडचा माल एकदम स्वच्छ," म्हणायची. मीही शेफारलो होतो. आवाज कशाला साठवायचा? तो काय, उद्या चारला येणारच होता.

एका सोमवारी आला नाही. भलत्याच कुणीतरी पाठ म्हटल्यासारखी गाणी लावली आणि शेवटी सांगितलं, की तो अपघातात गेला. त्यानंतर मी टेप केलं नाही.

ह्याला छत्तीस वर्षं झाली. परवा मी चष्म्याच्या दुकानात काच घासत होतो, तेव्हा एक बाई आत आली. म्हणाली, चारला रेडिओवर गाणी लावायचे ना, मी त्यांची मुलगी. तो गेला तेव्हा दीड वर्षाची होती. रेडिओवाल्यांनी जुन्या टेपांवर नवं भरून टाकलेलं. घरात फोटो ढीगभर, आवाज कुठेच नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाने तिला सांगितलं, की तो कार्यक्रम टेप करणारा एक वेडा अजून आहे.

"काका, एकदाच ऐकायचाय," ती म्हणाली.

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. जीभ रेटेना. तिला घरी घेऊन आलो. बायकोने माळ्यावरचे खोके काढून दिले.

"कधीची म्हणतेय टाकून द्या म्हणून," ती मुलीला म्हणाली. "बरं झालं ह्यांनी ऐकलं नाही!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मग सांगून टाकलं. मुलगी रागावली नाही. रागावली असती तर परवडलं असतं.

"एवढ्या कॅसेटींत कुठेतरी चुकला असाल ना?" तिने विचारलं.

चार महिने दर रविवारी आम्ही माझी चूक शोधत बसलो. कसलं मेलं ते माझं नीटनेटकं काम! एकशे बारातली शहाण्णवावी कॅसेट, दुसरी बाजू. गाणं संपतं आणि बोट उशिरा पडलेलं. एक श्वास, मग ती खरखर: "तर त्या दिवशी झालं असं, की—"

तिने ते अकरा वेळा लावलं. मग माझ्याकडे वळली. डोळे भरलेले आणि तोंडभर हसू.

"काय झालं होतं?"

मी पुष्कळ आठवून पाहिलं.

"मी बटण दाबलं," मी म्हणालो.