उलांडीच्या अंगाला

कर्लीच्या खाडीवर आश्विनातली सकाळ उतरत होती. केशरवर्णा, दवभारली, मंदगामिनी. कांदळवनाच्या काळ्या मुळांत धुके अजून गुंतून होते, आणि मतलई वारा भूमीचा गंध ओंजळीत घेऊन समुद्राकडे निघाला होता.

त्या केशरी जळात द्वारकाबाई तारी गुडघाभर उभ्या होत्या. शुभ्रकेशा, ताठ कण्याच्या, करारी ओठांच्या. समोर त्यांची होडी: कृश, श्यामल, एकट्या माणसापुरती. डाव्या अंगाला उलांडी. तोल राखणारा तो लाकडी ओंडका, जणू होडीनेच पाण्यावर टेकलेला हात.

याच होडीतून त्यांनी जन्मभर गरी टाकली होती. पावसाळ्यात उजवा खांदा निखळला, आणि वल्हे भिंतीला टेकले. मग मुलाने, नंदकिशोरने, चाचरत सांगितले: होडी पर्यटकांच्या विश्रामगृहाला देऊ, अंगणात शोभेल, तिच्यात फुलझाडे लावतील.

फुलझाडे! मासळीच्या रक्ताने न्हालेल्या लाकडात शेवंती!

द्वारकाबाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी बॅटरीवर चालणारी लहानशी मोटर मागवली आणि पणही स्वतःच घातला: खाडीच्या मुखापर्यंत जाईन, सुकतीची, ओसरत्या पाण्याची ओढ कापून परत येईन. आले, तर होडी माझी. न आले, तर फुलांची.

मोटर बांधायची वेळ आली. कमरभर पाण्यात उभी असलेली सून शुभदा दबक्या स्वरात म्हणाली, "आये, डावीकडे बांधूया. उलांडी थंय पाणी ओढता. उजवीकडे बांधली तर होडी डाव्या बाजूक वळतली."

"शुभ वस्तू उजव्या हाताक बसता," द्वारकाबाई म्हणाल्या. "माझी होडी, माझो हुकूम."

मोटर उजवीकडे बसली. हळद लागली, कुंकू लागले, नारळ फुटला. द्वारकाबाई होडीत चढून बसल्या. कळ फिरताच पाणी गुणगुणले, होडी थरारली, निघाली, आणि वळली. डावीकडे, आणखी डावीकडे. दुखरा खांदा मोटरीचा दांडा आवरीना. केशरी जळावर वर्तुळामागून वर्तुळ उमटत राहिले.

काठावर जाळे शिवणाऱ्या पांडू कुबलाने मान वर केली. "गे काकी, देवाक उलटी प्रदक्षिणा घालतंस काय?"

काठ हसला. नंदकिशोर हसला नाही. त्याने नुसती मान खाली घातली. ती झुकलेली मान त्या हसण्याहून खोल रुतली.

द्वारकाबाईंनी मोटर थांबवली. वर्तुळे विरली, पाणी स्तब्ध झाले. त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिले. घट्टेदार, क्षारजर्जर, अजून पोलादी. आणि त्यांना आठवले: वल्हे तरी जन्मभर कुठल्या अंगाला पडत आले होते? डाव्याच. उलांडीच्याच. हाताला ठाऊक होते ते जिभेने नाकारले होते.

काठ वाट पाहत होता. वारा वाट पाहत होता. सून पाण्यातून होडीपाशी आली होती, तिची कड धरून उभी होती.

"शुभदा," द्वारकाबाई म्हणाल्या. आवाज तोच, हुकमी. "काळीज खंय आसता माणसाचा?"

"डावीकडे, आये."

"मग बघतंस काय? थंयच बांध."

पांडूची सुई जाळ्यातच थांबली. शुभदाने ओठ दाबून हसू गिळले, आणि गाठ घट्ट आवळली.

होडी निघाली. सुरूच्या बनापलीकडे, फेनशुभ्र मुखाकडे, जिथे गोड पाणी खाऱ्याला मिळते, तिथवर गेली. ठिपका झाली, दिसेनाशी झाली. सुकती रोरावत समुद्राकडे धावत होती, आणि नंदकिशोर गुडघाभर पाण्यात कधी शिरला, ते त्यालाही कळले नाही.

मग प्रवाहाच्या उरावर काळी रेघ उमटली. संथ, हट्टी, अवक्र. होडी येत होती. मोटरीच्या दांड्यावर डावा हात, आणि उजवा, दुखरा, मांडीवर निवांत. तिच्यामागे पाणी दुभंगत होते, सरळ, लखलखीत, जणू खाडीच्या मोकळ्या केसांत कुणी थोरल्या हाताने भांग पाडीत यावे, काठापासून क्षितिजापर्यंत, एकच, सोन्याचा.