चाकांवरची पडवी

मी एक जुनी पडवी आहे, मित्रांनो. पण घराची नव्हे, गाडीची. ज्या गाडीत निजायला पलंग असतो, चहाला शेगडी असते आणि तोंड धुवायला छोटीशी मोरी असते, तशा एका फिरत्या घराच्या कुशीला लांबट पेटी बसवलेली आहे. त्या पेटीत नळीला गुंडाळलेलं निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं जाड कापड म्हणजे मी. हँडल फिरवलं, की माझे दोन हात कोपरातून उलगडतात, मी बाहेर पसरते आणि गाडीच्या दारापुढे सावली पडते. बाजारात मला ऑनिंग म्हणतात. आमच्या मधुराताईंना ते नाव मुळीच आवडलं नाही. त्यांच्या घराण्याचं मूळ कोकणातलं. चार पिढ्या काशीत गेल्या, तरी काही शब्द घरात टिकून राहिले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी मला 'पडवी' म्हटलं आणि तेच नाव मला चिकटलं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारख्या पुष्कळ जणी होत्या. कुणी हॉटेलांना गेली, कुणी दुकानांना. मी आले ती थेट बनारसला, दत्तात्रेयराव आणि मधुराताई या जोडप्याकडे. ते राहतात दुर्गाघाटाच्या गल्लीत. तिथे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला टेकावं लागतं. गाडीचं नावच नको. म्हणून आमची गाडी राजघाटाजवळ एका ओळखीच्या माणसाच्या आवारात उभी असते.

दत्तात्रेयराव रेल्वेच्या इंजिन कारखान्यात छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. मधुराताई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. लोणारचं सरोवर त्यांनी फळ्यावर शंभरदा तरी काढलं असेल. आकाशातून दगड कसा आदळला, खळगा कसा पडला, हे हातवारे करून सांगितलं असेल. पण ते डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर जायचं ठरलं, आणि नेमका त्यांना तो आजार जडला. उन्हात दहा मिनिटं बसलं तरी अंगावर लाल चट्टे उठायचे, मग ताप यायचा. डॉक्टरांनी ऊन साफ बंद केलं. ताई पहाटे अंधारात पंचगंगा घाटावर जाऊन यायच्या आणि दिवसभर घरात बसायच्या. खिडकीतून बाहेर बघायचं, एवढाच त्यांचा भूगोल उरला होता.

तेव्हा दत्तात्रेयरावांनी ही गाडी घेतली आणि मला तिच्यावर चढवलं. ते म्हणाले, "तुला धूप चालत नाही ना? मग सावली सोबत घेऊन फिरू."

मित्रांनो, या एका वाक्यासाठी मी त्या माणसाचे पुढचे सगळे अपराध पोटात घातले आहेत.

आणि अपराध थोडेथोडके नव्हते! आधीची तीन वर्षं मात्र सुखाची गेली. चुनारचा किल्ला, विंध्याचलचे धबधबे, चित्रकूट. जिथे थांबायचं तिथे मी पसरायची आणि मधुराताई खुर्ची टाकून बसायच्या. आजूबाजूची माणसं कौतुकाने बघायला यायची, दत्तात्रेयराव दोनदोनदा हँडल फिरवून दाखवायचे, आणि मी फुशारून जायची. खोटं कशाला बोलू?

माझी हेळसांड मात्र झाली ती प्रेमापोटी. बनारसमध्ये करकरणाऱ्या प्रत्येक वस्तूला सरसूचं, म्हणजे मोहरीचं, तेल घालतात. दत्तात्रेयरावांनी माझ्या कोपरांनाही ते घातलं, आणि सढळ हाताने घातलं. त्याच्यावर रस्त्याची धूळ बसली आणि सांध्यांत काळा लगदा साचला. मधुराताईंची वेगळी तऱ्हा. प्रवासाला निघताना त्या मला हळदकुंकू वाहायच्या आणि माझ्या उजव्या कोपराला पूजेचा लाल धागा बांधायच्या. जुना धागा सोडायचा नाही, हा त्यांचा नेम. अशा एकोणीस प्रवासांचे एकोणीस धागे माझ्या सांध्यात जाऊन बसले. भरीत भर म्हणून, पाऊस आला की मला ओलीच गुंडाळायचे आणि गाडी आवारात लावून घरी जायचे. महिनाभर मी त्या पेटीत कुबट अंधारात पडून राहायची. अंगावर बुरशीचे काळे ठिपके उठले आणि शिवणीचा दोरा आतून कुजला. बाहेरून काही दिसत नव्हतं.

शेवटी व्हायचं ते झालं. माघातली दुपार होती. गाडी सारनाथच्या अलीकडे एका माळावर थांबली होती आणि ताई माझ्याखाली बसून मटार सोलत होत्या. अचानक वारा सुटला. दत्तात्रेयराव मला मिटवायला धावले. डावा हात दुमडला, उजवा मात्र धाग्यांत अडकला.

"अहो, जबरदस्ती नका करू!" ताई ओरडल्या.

"मी इंजिनं खोलली आहेत, हे काय आहे!" असं म्हणत त्यांनी हँडल आणखी जोरात फिरवलं.

मी तिरकी झाले, वारा माझ्यात भरला आणि मधली शिवण हातभर फाटली. फाटीतून दुपारचं ऊन थेट ताईंच्या मानेवर आणि हातांवर पडलं. पाय अवघडल्यामुळे त्यांना पटकन उठता आलं नाही. त्यांना आठ दिवस ताप होता. मित्रांनो, मी सावली देण्यासाठी जन्मले होते, आणि ज्यांना सावली सर्वांत जास्त हवी त्यांनाच मी ऊन दिलं. त्या दिवसाइतकी लाज मला कधी वाटली नाही.

एका मोठ्या वर्कशॉपमधून माणूस येऊन मला बघून गेला. म्हणाला, दुरुस्त होणार नाही, सगळंच नवं बसवा. यायला चार महिने लागतील. चार महिने म्हणजे भर उन्हाळा. मार्चच्या सुरुवातीला लोणारला जायचं ठरलं होतं. ते हुकलं, तर पुढचा हिवाळा. आणि ताईंचा आजार दरवर्षी वाढत होता.

"गाडी विकून टाकू, मधुरा," दत्तात्रेयराव म्हणाले. "माझ्याच हातून तुला त्रास झाला. आता रिस्क नको."

मधुराताई अंथरुणातून म्हणाल्या, "मोहनला दाखवा."

मोहन म्हणजे पंचगंगा घाटावरचा छत्र्या दुरुस्त करणारा. घाटावरचे पंडे ज्या भल्यामोठ्या छत्र्यांखाली बसतात, त्या तो सांधतो. होड्यांवरची कापडी छतंही शिवतो. दत्तात्रेयरावांनी नाक मुरडलं. "तो बांबूचं काम करणारा! त्याला यातलं काय कळणार?"

"बारा महिने उन्हापावसात उभ्या असलेल्या छत्र्या तो टिकवतो, आणि तुम्हाला एक पडवी टिकवता आली नाही," ताई म्हणाल्या. दत्तात्रेयरावांनी मोहनला निरोप धाडला.

मोहन आला. वय पन्नाशीचं, अंगाने वाळलेला, बोटांना सुईचे घट्टे. त्याने आधी नुसता हात फिरवला आणि म्हणाला, "बाबूजी, कपड़ा तो जिंदा है. सिलाई मरी है." डॉक्टरने रोगी वाचेल म्हणावं, तसं मला झालं.

दत्तात्रेयराव पाना घेऊन माझा हात खोलायला लागले. मोहनने त्यांचं मनगट धरलं. "पहिले हाथ बाँधिए, फिर पेच खोलिए. ई स्प्रिंग है, गुस्सा दबाए बैठा है." त्याने माझे दोन्ही हात दोरीने करकचून बांधले, मगच स्क्रू काढले. दत्तात्रेयरावांनी पाना खाली ठेवला. छत्तीस वर्षांची नोकरी केलेला तो माणूस त्या घटकेपासून मोहनचा विद्यार्थी झाला, आणि मला त्यांचं फार कौतुक वाटलं. या वयात शिकायला तयार होणं काही सोपं नसतं.

माझी नळी चांगली चार मीटर लांब, गल्लीच्या वळणांवर ती वळणार कशी? मग मोहनने मला नावेत घातलं. रस्त्यांसाठी बनलेली मी राजघाटाहून गंगेतून पंचगंगेला गेले! तिथे पायऱ्यांवर, छत्र्यांच्या शेजारी, माझी शुश्रूषा सुरू झाली. मोहनने रिठ्याचं कोमट पाणी केलं आणि मऊ ब्रशने माझे डाग धुतले. कडक साबण लावला नाही, आपटलं नाही, पिळलं तर नाहीच. दोन दिवस वाळवलं. मग शिवायला बसला. प्रत्येक टाका त्याने जुन्याच भोकातून घातला. नवं भोक पडलं की तिथून पाणी झिरपतं, असं तो म्हणाला. मेण लावलेला जाड दोरा, आणि हातभर शिवणीला दीड दिवस! मी कारखान्यात मिनिटाला वारभर शिवली गेले होते. पण असा हात माझ्या अंगावरून आधी कधी फिरला नव्हता.

सांधे त्याने रॉकेलने धुतले आणि बजावलं, "सरसों का तेल पूड़ी में डालिए, इसमें नहीं." तेलाऐवजी कोरडा सिलिकॉनचा फवारा मारला. उरले धागे. ताई पहाटे पायऱ्यांवर आल्या तेव्हा त्याने विचारलं, "बहनजी, काट दें?"

ताईंचा चेहरा उतरला. "एवढ्या यात्रा सुखरूप झाल्या त्या यांच्यामुळे, असं मला वाटायचं," त्या म्हणाल्या. मग स्वतःच कात्री घेतली आणि एकोणीसच्या एकोणीस धागे एकेक करून कापले. ते पिंपळाच्या बुंध्याशी नेऊन ठेवले. नवा धागा त्यांनी गाडीत, स्टीअरिंगला बांधला. श्रद्धा सोडली नाही, फक्त तिची जागा बदलली.

मोहनने मला पुन्हा गाडीवर बसवलं, आणि मार्चच्या तिसऱ्या दिवशी आम्ही लोणारला पोचलो. काठाजवळच्या मोकळ्या जागेत दत्तात्रेयरावांनी मला सावकाश उलगडलं. मधुराताई माझ्याखाली येऊन बसल्या. समोर तो प्रचंड वाटोळा खळगा आणि तळाशी हिरवट पाणी. त्यांनी काठाची वाटोळी रेघ नजरेने पुरती फिरून पाहिली. मग म्हणाल्या, "मी फळ्यावर फार लहान काढत होते हो." आणि रडल्या. दत्तात्रेयराव शेजारी बसून नुसते पाण्याकडे बघत होते.

संध्याकाळी अवकाळी पाऊस आला आणि मला भिजलेलीच गुंडाळावं लागलं. दुसऱ्या दिवशी वेरूळची लेणी बघायची होती. उन्हं चढण्याआधी पोचायचं, तर भल्या सकाळी निघणं भाग होतं. दत्तात्रेयरावांनी इंजिन सुरूही केलं.

"थांबा," मधुराताई म्हणाल्या. "आधी पडवी उघडा. ओली आहे ती."

"अगं, ती वाळेपर्यंत दहा वाजतील. मग तुला आज वेरूळ नाही बघता येणार."

"राहू दे वेरूळ."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंचं मागणं फार थोडं असतं. वापरा, पण वापरल्यावर पुसा, वाळवा. सांध्यांकडे अधूनमधून बघा. अडलं तर जोर लावू नका, कशामुळे अडलं ते शोधा. आणि ज्याच्या हातात कसब आहे, त्याच्या कपड्यांकडे बघून त्याला हसू नका. आमची जीभ नसते. आम्ही फाटतो, तेव्हाच तुम्हाला कळतं.

त्या सकाळी मी लोणारच्या काठावर पूर्ण पसरून ऊन खात होते. माझ्याखाली कुणीच नव्हतं, कारण माझ्यातून पाणी ठिबकत होतं. गाडीच्या आत, खिडक्यांचे पडदे ओढून, मधुराताई अंधारात बसल्या होत्या. दर थोड्या वेळाने त्या आतून विचारायच्या, "वाळली का हो?" दत्तात्रेयराव माझ्या कडेला हात लावून सांगायचे, "अजून नाही." ज्या उन्हाने त्यांचं अंग भाजतं, ते माझ्या अंगाला लागावं म्हणून त्या दहा वाजेपर्यंत तशाच बसून राहिल्या.