आधी लॅमिनेशन, मग झेरॉक्स

मी एक बोर्डिंग पास बोलतोय. तसं सांगावं लागतं, कारण बघून आता कळत नाही. प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला एक काळा तुकडा, एवढंच तुम्हाला दिसेल.

माझा जन्म लोहगावच्या विमानतळावर झाला. तिकिटं स्वस्त झाली होती आणि आयटीतली मंडळी पाठीवर लॅपटॉप टाकून एसटीत बसावं तशी विमानात बसायला लागली होती, त्या वर्षांतली गोष्ट. माझ्यासारख्याला शाई लागत नाही. आमचा कागद चटका बसला की काळा होतो आणि अक्षरं उमटतात. माझ्यावर उमटलं: शंभू गावंडे, पुणे ते नागपूर, तारीख, आणि विमानात बसायची वेळ सकाळी सव्वासहा. आमचं आयुष्य तसं तासाभराचं. अर्धा भाग दारात फाडून घेतात, उरलेला अर्धा पुस्तकात खूण म्हणून जातो, नाहीतर कचऱ्यात.

शंभू विश्रांतवाडीला राहायचा, सॉफ्टवेअर कंपनीत होता. मूळचा वर्ध्याकडचा. आदल्या संध्याकाळी गावाकडे त्याची आई वारली होती. तो एकुलता एक, अग्नी त्यानंच द्यायचा. तिकीट काढून त्यानं वडिलांना फोनवर सांगितलं, "सकाळच्या विमानानं येतो. दुपारच्या आत घरी."

विमान आलंच नाही. आधी थोडा उशीर म्हणाले, मग काहीच म्हणेनात. शंभू खुर्चीत बसून होता. मी त्याच्या शर्टाच्या खिशात, मोबाइलच्या शेजारी. मोबाइल थरथरला की मीही थरथरायचो. दर वेळी चुलतभाऊ संतोष असायचा. "दादा, निघाला का तू?" आणि शंभू म्हणायचा, "नाही रे. बसलोय." विमानकंपनीनं सँडविच वाटली. शेजारच्या गृहस्थांनी भांडून दोन घेतली. शंभूनं घेतलं नाही, तो भांडला नाही आणि रडलाही नाही. त्याच्या आत त्या दिवशी काहीतरी बंद पडलं, ते अजून सुरू झालेलं नाही.

विमान उडालं तेव्हा दिवस कलला होता. गावात मावळतीच्या आत उरकायचं म्हणून संतोषनं अग्नी दिला. शंभू पोचला तेव्हा माणसं अंघोळी करून ओट्यावर बसली होती. त्याचे वडील महिपतराव एवढंच म्हणाले, "लय वाट पाह्यली तुई."

पुण्याला परतल्यावर शंभूनं ग्राहक मंचात तक्रार टाकली. वकील केला नाही. तिथं लागत नाही. भरपाई मागितली, कारण तक्रारीत काहीतरी मागावं लागतं. त्याला हवा होता शिक्का मारलेला एक कागद, उशीर शंभूचा नव्हता असं सांगणारा. तो त्याला वडिलांपुढे ठेवायचा होता.

विमानकंपनीचं उत्तर आलं. त्यात एक ओळ होती: उशीर होणार असल्याचं प्रवाशाला आदल्या रात्रीच फोनवर कळवलं होतं. साफ खोटं. पण संतोष तेव्हा मुलाखतीसाठी पुण्यात येऊन शंभूकडेच उतरला होता. त्यानं ते वाचलं आणि गावी जाऊन सांगितलं. आठवड्यात महिपतरावांचा फोन आला.

"तुले रातीच मालूम होतं म्हणते. मंग गाडी करून कायले नाही निघाला?"

"बाबा, मला फोनच आला नव्हता."

"कागदावर लिवलं हाये ना."

आणि फोन ठेवला. रात्रीच गाडी करून निघाला असता तर शंभू दुपारी पोचला असता, हे मात्र खरं होतं.

मग माझी आठवण झाली. रात्री कळवलेल्या माणसाला सकाळी सव्वासहाची वेळ छापून पास कोण देईल? शंभूच्या बायकोनं, भाग्यश्रीनं, मला पाकिटातून काढून खिडकीशी धरलं. "अहो, अक्षरं उडायला लागलीत. आता याला हात लावू नका."

भाग्यश्री पक्की पुण्याची. दहावीच्या मार्कशीटपासून गॅसच्या कार्डापर्यंत घरातलं सगळं तिनं लॅमिनेट करून ठेवलेलं. मंचात झेरॉक्स लावायचीच होती. पण मूळ कागद झेरॉक्स काढताना चुरगळला तर? म्हणून तिनं क्रम लावला: आधी लॅमिनेशन, मग झेरॉक्स. क्रम उलटा असता तर आज मी तुमच्याशी बोलत बसलो नसतो.

चौकात इम्तियाजभाईंचं दुकान आहे. त्यांनी मला प्लॅस्टिकमध्ये घालून यंत्रात सरकवलं. ज्या चटक्यानं माझी अक्षरं उमटली, तोच या वेळी सगळ्या अंगाला बसला. पलीकडून मी काळाकुट्ट होऊन बाहेर पडलो.

"मॅडम, हे काय झालं?" इम्तियाजभाई म्हणाले. भाग्यश्री पर्स उघडू लागली. "पैसे राहू द्या," ते हळूच म्हणाले.

घरी येऊन ती ओट्याला टेकून रडली. शंभू म्हणाला, "असू दे." तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

सुनावणीच्या दिवशी कंपनीच्या वकिलांनी मला दोन बोटांत धरलं. "तक्रारदारांनी पाटी आणलीय. खडू आपण द्यायचा का?" मागं कुणीतरी हसलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला ट्यूबलाइटकडे धरून बराच वेळ निरखलं. त्यांना वाचायचं होतं, ते मला कळत होतं. मला फार वाईट वाटलं.

निकाल शंभूच्या बाजूनं लागला. उशीर झाला, प्रवाशांचे हाल झाले, भरपाई द्यावी. ऑफिसातल्यांनी पेढे मागितले. पण निकालात एक वाक्य होतं: आदल्या रात्री कळवले नव्हते, हे तक्रारदारास सिद्ध करता आलेले नाही. हा कागद वडिलांपुढे ठेवायचा कसा?

तो त्यानं पुण्यातच ठेवला. आईच्या श्राद्धाला गावी जाताना मला घेतलं. जेवणं झाल्यावर मला वडिलांच्या हातात दिलं.

"बाबा, हा विमानाचा पास. यावर सकाळची वेळ छापली होती."

महिपतरावांनी चष्मा लावला. मला उलटसुलट केलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, पुन्हा पाहिलं.

"असंन," ते म्हणाले, आणि मला परत दिलं.

शंभूनं मान हलवली. मग पाहुण्यांच्या चपला सरळ लावत बसला.

आता मी विश्रांतवाडीच्या घरात औषधांच्या डब्यात असतो. झाडलोट करणाऱ्या सरुबाईंनी मला एक्स-रे समजून तिथं ठेवलं आणि शंभूनं काढलं नाही. माझी काही तक्रार नाही. फक्त कुणी वर्ध्याकडे जाणार असाल तर माझा एवढा निरोप पोचवा. महिपतराव, माझ्यावर काही दिसत नाही, पण मला सगळं आठवतंय. त्या दिवशी उजाडायच्या आत तुमचा मुलगा काउंटरवर उभा होता. मी त्याच्याच हातात होतो.